घरात फिरत राहणारा ताप आणि सासूबाईंची काळजी

पत्राचा सारांश : पुण्याच्या उपनगरात राहणाऱ्या एका नोकरदार भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे वय ३६ आहे. घरात यजमान, चार वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई असून सासूबाईंना मधुमेह आणि दमा आहे. एप्रिल २०२१ मध्ये घरातल्या तिन्ही मोठ्या माणसांना कोविड झाला आणि सासूबाईंना ऑक्सिजन लावावा लागला. पुढे सर्वांनी लस घेतली, तरीही जानेवारी २०२२ मध्ये तिघांनाही पुन्हा कोविड झाला. त्या वेळी सासूबाईंचा ताप मात्र तीन दिवसांत उतरला. या जूनमध्ये मुलगा शाळेत जाऊ लागल्यापासून त्याला चार वेळा सर्दी-ताप झाला. प्रत्येक वेळी तो आजार घरभर फिरला, आणि शेवटच्या खेपेला सासूबाईंचा खोकला पाच आठवडे चालला. शेजारचे लोक म्हणतात की लशीमुळे प्रतिकारशक्ती बिघडली. यजमान म्हणतात की होऊन गेलेले बरे, त्याने शरीर तयार होते. या भगिनींनी स्वतःची अँटिबॉडी चाचणी करून घेतली. तिच्यात आकडा भरपूर आला, आणि पंधरा दिवसांनी त्या पुन्हा तापाने आजारी पडल्या. काढे, गुळवेल, झिंक आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या यांवर बराच खर्च झाला आहे. साताऱ्याचे दीर म्हणतात, आईला इकडे पाठवा. पत्रात तीन प्रश्न आहेत : आमच्या घराची प्रतिकारशक्ती संपली आहे का? मुलाला वर्षभर घरी ठेवावे का? सासूबाईंना साताऱ्याला पाठवावे का?

ताई,

तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलायला हवे. सासूबाईंचा खोकला पाच आठवडे चालला, हे तुम्ही ओघात लिहून गेला आहात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला आपल्या देशात क्षयाची तपासणी केल्याशिवाय सोडायचा नसतो, आणि मधुमेह असलेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. बहुधा तसे काही निघणार नाही. विषाणूचा संसर्ग ओसरल्यानंतरही श्वासनलिका हुळहुळ्या राहतात आणि खोकला तीनपासून आठ आठवड्यांपर्यंत रेंगाळतो, हे नेहमी दिसते. दमा असेल तर तो आणखी लांबतो. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल यांसारखी गोळी चालू असेल, तर तिनेही कोरडा खोकला येऊ शकतो. पण हे सगळे झाले अंदाज. थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घेणे अवघड नाही, आणि क्षयासाठी थुंकीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. खोकला आता थांबला असला तरी डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि अजूनही येत असेल तर या आठवड्यातच जा.

आता तुमचा पहिला प्रश्न. ‘प्रतिकारशक्ती संपली’ या शंकेमागे एक गृहीतक आहे. प्रतिकारशक्ती शाबूत असेल तर एकदा होऊन गेलेला आजार पुन्हा होता कामा नये, असे आपण सगळेच मनात धरून चालतो. गोवर आणि कांजिण्यांच्या अनुभवातून ही समजूत आली आहे आणि त्या आजारांपुरती ती खरीही आहे. अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर १८४६ मध्ये गोवराची मोठी साथ आली, तेव्हा पेटर पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरने घरोघरी जाऊन नोंदी केल्या. सुमारे ७,८०० वस्तीतली जवळजवळ ६,००० माणसे आजारी पडली होती. मात्र १७८१ च्या साथीत, म्हणजे ६५ वर्षांपूर्वी, ज्यांना लहानपणी गोवर येऊन गेला होता, त्या म्हाताऱ्या माणसांपैकी कोणालाही तो पुन्हा आला नाही. मधल्या काळात बेटांवर गोवर फिरकलाही नव्हता, तरी शरीराने तो आयुष्यभर लक्षात ठेवला होता.

नाका-घशात राहणाऱ्या विषाणूंचा प्रकार वेगळा आहे, आणि तो कोविडच्या आधीपासून वेगळा आहे. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळ १९४६ पासून सर्दीवर संशोधन करणारे एक केंद्र होते. तिथे स्वयंसेवक राहायला येत आणि त्यांच्या नाकात मुद्दाम विषाणूचे थेंब सोडले जात. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका प्रयोगात सर्दीच्या एका जुन्या कोरोना विषाणूची लागण करून घेतलेल्या माणसांना वर्षभराने पुन्हा तोच विषाणू देण्यात आला. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या नाकात तो पुन्हा वाढला, पण सर्दी मात्र एकालाही झाली नाही, आणि विषाणू बाहेर टाकण्याचे दिवसही पहिल्यापेक्षा कमी भरले. अॅमस्टरडॅममध्ये दहा निरोगी पुरुषांचे १९८० च्या दशकापासून साठवलेले रक्तनमुने २०२० मध्ये तपासले गेले, तेव्हा सर्दीचे चारही नेहमीचे कोरोना विषाणू त्यांना पुन्हा पुन्हा गाठत होते आणि दोन संसर्गांमधले अंतर अनेकदा सुमारे बारा महिन्यांचेच होते, असे दिसले. लहान मुलांच्या छातीत उतरणारा आरएसव्ही तर याहून चिवट निघाला. अमेरिकेत पंधरा धडधाकट प्रौढांना एकाच जातीचा आरएसव्ही ठरावीक अंतराने देऊन पाहिला, तेव्हा दोन महिन्यांतच निम्म्या जणांना तो पुन्हा लागला. ही सगळी माणसे निरोगी होती आणि त्यांच्या प्रतिकारशक्तीत काहीही खोट नव्हती.

असे का होते, हे समजले की तुमच्या मनावरचे बरेचसे ओझे उतरेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो आहे. पहिले कारण वेळेचे. गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यापासून अंगावर पुरळ येईपर्यंत दोनेक आठवडे घेतो आणि त्या काळात तो रक्तातून सर्वत्र फिरतो. पूर्वीची ओळख असलेल्या पेशींना जागे व्हायला आणि पूर्ण ताकदीने कामाला लागायला काही दिवस लागतात, आणि गोवर त्यांना तेवढे दिवस देतो. फ्लूचा विषाणू शिरल्यापासून एक ते चार दिवसांत ताप आणतो, आणि कोविडच्या विषाणूचा ओमायक्रॉन हा प्रकारही साधारण तिसऱ्या दिवशी लक्षणे दाखवतो. शरीराची तयारी पूर्ण होते तोवर नाक वाहू लागलेले असते. दुसरे कारण जागेचे. रक्तातल्या अँटिबॉडी छातीपर्यंत बऱ्यापैकी पोहोचतात, पण नाकाच्या ओलसर अस्तरावर त्यांचे प्रमाण कमी असते. तिथे पहारा देणारा अँटिबॉडीचा खास प्रकार संसर्गानंतर काही महिन्यांत ओसरतो, आणि दंडावर टोचलेल्या लशीने तो फारसा वाढत नाही. तिसरे कारण विषाणूच्या रूपाचे. गोवराच्या विषाणूला आपले बाह्यरूप फारसे बदलता येत नाही, म्हणून त्याची अनेक दशके जुनी लस आजही चालते. फ्लूचा विषाणू सतत बदलतो, आणि त्यामुळेच जागतिक आरोग्य संघटना त्याच्या लशीत कोणते प्रकार घ्यायचे हे वर्षातून दोनदा ठरवते.

त्यातही तुमच्या मुलाच्या चार आजारपणांना ‘पुन्हा संसर्ग’ म्हणावे का, याचीच मला शंका आहे. नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचे १६० हून अधिक प्रकार आहेत. त्यांच्या जोडीला आरएसव्ही, अॅडिनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएंझा, मेटान्यूमोव्हायरस, फ्लू आणि कोरोना विषाणू आहेत, आणि वर्गात बसलेली चाळीस मुले आपापल्या घरून यांतले काही ना काही घेऊन येतात. त्याला चार वेळा ताप आला, तो बहुधा चार वेगवेगळ्या विषाणूंचा, आणि त्यातले काही त्याच्या शरीराने प्रथमच पाहिलेले. शाळेत नव्याने जाणाऱ्या मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी-ताप होणे बालरोगतज्ज्ञ अपेक्षितच धरतात. तो मधल्या काळात खेळतो, जेवतो, त्याचे वजन वाढते आहे, असे तुम्ही लिहिले आहे. प्रतिकारशक्तीची परीक्षा त्यात होते, आणि तो उत्तीर्ण होतो आहे.

तुम्ही पाठवलेल्या अँटिबॉडी अहवालावरचा आकडा छापील मर्यादेच्या कित्येक पट आहे, आणि पंधरा दिवसांनी तुम्ही आजारी पडलात म्हणून तो खोटा ठरत नाही. तो कोविडच्या अँटिबॉडीचा आकडा आहे. तुम्हाला आलेला ताप कोविडचा होता की आणखी कशाचा, हे तपासलेलेच नाही. तो कोविडच होता असे धरले तरी किती आकडा असला म्हणजे पुन्हा संसर्ग होत नाही, याची सर्वमान्य रेषा कुणी आखलेली नाही, आणि शिवाय विषाणूच्या पूर्वीच्या रूपाविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी नव्या रूपाला तितक्याच घट्ट धरतात असेही नाही. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२१ मध्येच सांगितले होते की लस घेतल्यानंतर आपण किती सुरक्षित आहोत हे पाहण्यासाठी ही चाचणी वापरू नये. उलट, वर्षभराने हाच आकडा घसरलेला दिसला तरी घाबरण्याचे कारण नसते. साखर कारखाना गाळप संपल्यावर ऊसतोडीच्या टोळ्यांना वर्षभर फडात बसवून ठेवत नाही, पण मुकादमांची नावे वहीत राहतात आणि पुढचा हंगाम लागला की टोळ्या पुन्हा येतात. शरीरही संसर्ग संपल्यावर अँटिबॉडीचे उत्पादन उतरवते, मात्र ती बनवण्याची ओळख असलेल्या स्मृतिपेशी सांभाळून ठेवते. १९१८ च्या फ्लूच्या साथीत लहान असलेल्या माणसांच्या रक्तात जवळजवळ नव्वद वर्षांनी त्या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी सापडल्या. २००३ च्या सार्समधून बरे झालेल्या लोकांच्या रक्तात सतरा वर्षांनीही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी होत्या. या टी-पेशी विषाणूला दारात अडवत नाहीत. विषाणूने ज्या पेशींमध्ये ठाण मांडले त्या पेशी शोधून त्या नष्ट करतात, त्यामुळे आजार नाका-घशापुरता राहतो आणि फुफ्फुसांपर्यंत सहसा पोहोचत नाही. यांतले काहीही तुमच्या अहवालात मोजलेले नाही. ही चाचणी पुन्हा करू नका.

शेजाऱ्यांच्या म्हणण्याबद्दल. लस घेऊनही कोविड झाला, म्हणून लशीने काहीतरी बिघडवले, हा निष्कर्ष पहिल्यांदा ऐकताना पटतो, म्हणून तो नीट तपासायला हवा. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याकडे कोविडच्या विषाणूचा डेल्टा हा प्रकार पसरत होता, आणि जानेवारी २०२२ मध्ये आला तो ओमायक्रॉन. पेशीला चिकटण्यासाठी विषाणू वापरतो त्या काट्यासारख्या प्रथिनात ओमायक्रॉनमध्ये तीसहून अधिक बदल झालेले होते, त्यामुळे जुन्या अँटिबॉडींना तो ओळखणे जड गेले. कतारमध्ये राष्ट्रीय नोंदींवरून केलेल्या अभ्यासात असे दिसले की आधी होऊन गेलेल्या कोविडमुळे डेल्टाच्या पुन्हा संसर्गापासून सुमारे ९० टक्के संरक्षण मिळत होते, ते ओमायक्रॉनच्या बाबतीत ५६ टक्क्यांवर आले. मात्र गंभीर आजारापासून मिळणारे संरक्षण ओमायक्रॉनच्या काळातही ८८ टक्क्यांच्या जवळपास राहिले. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुमच्याच घराकडे पाहा. पहिल्या वेळी ऑक्सिजन लागलेल्या सासूबाई दुसऱ्या वेळी तीन दिवसांत उठून बसल्या. ओमायक्रॉन मुळातच डेल्टापेक्षा काहीसा सौम्य होता, हे त्यात धरले पाहिजे, पण त्याच ओमायक्रॉनने लस न घेतलेल्या अनेक वृद्धांचे प्राण घेतले, हेही विसरून चालणार नाही. लशीने प्रतिकारशक्ती बिघडली असती, तर वय वाढलेले आणि आजार तेच असताना दुसरी खेप हलकी जाण्याचे कारण नव्हते.

यजमानांचे म्हणणे मात्र अर्धे खरे आहे, आणि त्याचा खरा अर्धा भाग आपण मान्य करू. तुमच्या मुलाचे शरीर प्रत्येक संसर्गातून काही शिकते आहे. अमेरिकेत टूसॉन येथे जन्मापासून मुलांचा पाठपुरावा करणारा एक दीर्घ अभ्यास झाला. लहानपणी मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दोनेक वर्षांच्या वयात सर्दी जास्त वेळा झाली, पण शाळेच्या वयात ती घरी वाढलेल्या मुलांपेक्षा कमी वेळा झाली, असे त्यात दिसले. म्हणून मुलाला वर्षभर घरी ठेवण्याने आजारपण टळणार नाही, फक्त पुढच्या वर्षावर जाईल. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे स्पष्ट आहे : त्याला शाळेत पाठवा, आणि ताप असेल त्या दिवशी मात्र घरी ठेवा. हजेरीसाठी किंवा तुमची रजा संपली म्हणून पॅरासिटामॉल देऊन त्याला बसमध्ये बसवू नका. तुमच्या घरी जे होते आहे ते वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या आजीच्या घरीही होत असते.

मुलाला लागू पडणारे हे गणित ७१ वर्षांच्या मधुमेही, दमेकरी बाईंना लागू पडत नाही, आणि यजमानांचे म्हणणे चुकते ते इथे. नव्या विषाणूला ओळखायला शिकणाऱ्या ताज्या टी-पेशी थायमस ग्रंथीत तयार होतात, आणि ती ग्रंथी तारुण्यापासूनच आक्रसत जाते. सत्तरीत शरीर बरेचसे जुन्या शिदोरीवर चालते. ‘होऊन जाऊ दे’ म्हटल्याने सासूबाईंना मिळणारा फायदा अगदी थोडा, आणि प्रत्येक खेपेचा धोका मात्र पुरता त्यांच्या वाट्याचा : तापात साखर चढणे, दमा उसळणे, विषाणूच्या पाठोपाठ जिवाणूंचा न्यूमोनिया होणे. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाची मांडणीच थोडी बदलावी, असे मी सुचवेन. घरात कुणालाच पुन्हा संसर्ग होऊ नये, हे कोणत्याही उपायाने साधण्यासारखे नाही, आणि त्यासाठी झटून तुम्ही दमला आहात. सासूबाईंना संसर्ग कमी वेळा व्हावा आणि झाला तरी छातीत उतरू नये, हे मात्र बऱ्याच अंशी साधता येते. घरातला पैसा, वेळ आणि काळजी या एका गोष्टीकडे वळवा.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर काढ्यांचे आणि गोळ्यांचे सांगतो. जीवनसत्त्वाची किंवा झिंकची खरी कमतरता असेल तर ती भरून काढावी, पण कमतरता नसताना वरून गोळ्या घेतल्याने पुन्हा होणारे संसर्ग थांबतात, असा भरवशाचा पुरावा नाही. सासूबाईंच्या बाबतीत तर सावधपणा जास्त हवा. गूळ घातलेला काढा आणि च्यवनप्राश यांच्यामुळे त्यांची साखर वाढते. ज्येष्ठमध रोज घेतला तर रक्तदाब वाढू शकतो आणि पोटॅशियम कमी होऊ शकते. २०२० च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, तरी रोज अनेक औषधे घेणाऱ्या वृद्ध व्यक्तीला डॉक्टरांना न सांगता महिनोन्‌महिने गुळवेल देऊ नये, एवढे तरी त्यातून घ्यावे. आले घालून केलेला बिनसाखरेचा गरम काढा घशाला बरे वाटते म्हणून त्यांनी प्यायला तर त्यात काही वावगे नाही.

या खर्चातून वाचलेल्या पैशांचा पहिला वापर फ्लूच्या लशीसाठी करावा. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात असतो, आणि दुसरा, त्याहून कमी, जानेवारी ते मार्चमध्ये दिसतो. त्यामुळे ही लस दरवर्षी पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घेणे उत्तम. यंदाची राहून गेली असेल तर डॉक्टरांना विचारून हिवाळ्याआधी घेता येईल. विषाणू आणि लस यांचा मेळ बसलेल्या वर्षी ती आजारपण साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. हा आकडा डोळ्यांत भरणारा नसला तरी न्यूमोनिया आणि रुग्णालयात दाखल होणे टाळण्यासाठी सासूबाईंच्या वयाला तो फार मोलाचा आहे. लस एकट्या सासूबाईंनी घेऊन भागणार नाही. त्यांच्या म्हाताऱ्या शरीरात लशीला मिळणारा प्रतिसाद कमी असतो, आणि घरात फ्लू आणणारा बहुधा तुमचा मुलगा असतो, म्हणून घरातल्या चौघांनीही ती घ्यावी. मुलाला पहिल्यांदाच देणार असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतील. सासूबाईंसाठी न्यूमोकोकल लसही आवर्जून विचारा, कारण फ्लूनंतर जो जिवाणूंचा न्यूमोनिया होतो त्याचे एक मोठे कारण ती रोखते. कोविडचा आणखी एक डोस घ्यावा का, हे त्यांच्या आजारांकडे पाहून त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावे.

लशीइतकेच महत्त्व मी दम्याच्या पंपाला देईन. पंपाची सवय लागते या समजुतीने सासूबाई तो त्रास झाला तरच घेतात, असे तुमच्या पत्रावरून दिसते. हे मी अनेक घरांत पाहतो आणि त्याची मनापासून खंत वाटते. रोज घ्यायच्या पंपात स्टेरॉइडची मात्रा अगदी अल्प असते आणि ती थेट श्वासनलिकेत जाते. तो नियमित घेतला तर श्वासनलिकांची सूज ओसरलेली राहते, आणि मग साधा सर्दीचा विषाणू आला तरी दमा पेटत नाही. पंप बंद ठेवून दमा उसळू दिला, की तोंडावाटे स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या गोळ्यांनी साखर भडकते. पुढच्या भेटीत सासूबाईंना डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखवायला सांगा. बहुतेकांचा फवारा जिभेवर आणि टाळूवरच बसतो, कारण बटण दाबणे आणि श्वास आत ओढणे यांचा मेळ बसत नाही. मध्ये स्पेसर नावाची प्लॅस्टिकची नळी लावली की ही अडचण दूर होते. घेतल्यावर चूळ भरायची, म्हणजे तोंडात बुरशी धरत नाही.

मुलगा आजारी असेल तेव्हा घरात काय करावे, हेही ठरवून ठेवा. विषाणू लक्षणांच्या आदल्या दिवसापासूनच बाहेर पडत असतो, त्यामुळे काटेकोर विलगीकरण अशक्य आहे, आणि चार वर्षांच्या मुलाला आजीपासून पूर्ण तोडणे योग्यही नाही. पण नाक वाहू लागल्यापासून पाच-सहा दिवस त्याने आजीच्या कुशीत झोपू नये आणि दोघांनी एका ताटात जेवू नये, एवढे पाळता येते. आजीने गोष्ट सांगायची असेल तर ती उघड्या खिडकीजवळ किंवा गॅलरीत बसून सांगावी. पावसाळ्यात फ्लॅटच्या सगळ्या खिडक्या बंद असतात आणि हवा तीच ती फिरत राहते, म्हणून पाऊस थांबला की समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. सासूबाईंचे जेवण, औषध पाहताना तुम्हालाच सर्दी असेल तर तुम्ही चांगला, नाकावर नीट बसणारा मास्क लावा. दमा असलेल्या बाईंना दिवसभर मास्क लावायला लावणे त्रासाचे होते, आणि तो आजारी माणसाने लावण्याचा उपयोग अधिक असतो.

प्रत्येक तापाला अँटिबायोटिक मागू नका आणि मागच्या वेळचे उरलेले देऊ नका, कारण ते विषाणूवर चालत नाही. मात्र सासूबाईंना ताप, अंगदुखी आणि कोरडा खोकला एकदम सुरू झाला, तर ‘दोन दिवस पाहू’ म्हणून थांबू नका. फ्लू असेल तर ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास जास्त उपयोगी पडते, आणि दमा-मधुमेह असलेल्यांना ते डॉक्टर लवकर सुरू करतात. बोलताना धाप लागणे, ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली येणे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, जेवण तुटून साखर आवाक्याबाहेर जाणे, किंवा उतरलेला ताप दोन-तीन दिवसांनी नव्याने चढणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. शेवटचे लक्षण जिवाणूंच्या न्यूमोनियाचे असू शकते आणि ‘आता बरे वाटत होते’ म्हणून नेमके तेच दुर्लक्षिले जाते.

इतर वाचकांच्या मनात येईल म्हणून हेही सांगतो. प्रतिकारशक्ती खरोखरच कमकुवत असण्याची लक्षणे वेगळी असतात. वर्षात दोन किंवा अधिक वेळा न्यूमोनिया, खोल गळवे पुन्हा पुन्हा होणे, शिरेतून औषध दिल्याशिवाय न हटणारे संसर्ग, मुलाचे वजन-उंची न वाढणे, वर्षानंतरच्या वयातही तोंडात बुरशी टिकून राहणे, किंवा कुटुंबात असा आजार आधी असणे, यांपैकी काही असेल तर तपासणी करून घ्यावी. नुसती वारंवार होणारी सर्दी या यादीत येत नाही.

राहिला साताऱ्याचा प्रश्न. तुमच्या सविस्तर पत्रात यजमानांचे मत आहे, दिरांचे आहे, शेजाऱ्यांचे आहे, तुमची तळमळ तर ओळीओळीत आहे. सासूबाईंना काय वाटते, ते मात्र कुठेही आलेले नाही. त्यांना विचारा, आणि नातू घरात नसलेल्या एखाद्या दुपारी विचारा, कारण त्याच्या समोर त्या खरे बोलणार नाहीत. नातवामुळे आपल्याला घराबाहेर काढले जात आहे, असे त्यांच्या मनात येऊ देऊ नका. आजारांच्या हिशेबाने पाहिले तर दिरांच्या घरीही शाळेत जाणारी मुले असतील आणि साताऱ्यातही पावसाळा येतो, तेव्हा केवळ संसर्ग टाळण्यासाठी त्यांचे बिऱ्हाड हलवण्यात मला अर्थ दिसत नाही. शिवाय त्यांची प्रकृती ओळखणारे डॉक्टर पुण्यात आहेत. पण त्यांना स्वतःलाच धाकट्याकडे दोन महिने राहावेसे वाटत असेल, किंवा घरात कुणाला फ्लू झाला आहे आणि आठवडाभर त्यांनी दुसरीकडे असणे बरे, असा प्रसंग आला, तर अवश्य जाऊ द्या. फक्त त्यांनाच ताप किंवा कणकण सुरू झालेली असेल तर प्रवास करू नये. बरोबर पंप, स्पेसर, साखर मोजण्याचे यंत्र, ऑक्सिमीटर, महिन्याची औषधे आणि जुन्या अहवालांची फाइल द्या. दिरांना पंप कसा घ्यायचा ते एकदा करून दाखवा, आणि तिथल्या एखाद्या फिजिशियनना पहिल्याच आठवड्यात, काही त्रास नसताना, त्यांची प्रकृती दाखवून ठेवायला सांगा.